लोकल आधार चालत नाही

आमच्या स्वराजला वळण नाही. सख्ख्या चुलतीला दारात उभी करून कुणी "मॅडम, बुकिंग आहे का?" म्हणून विचारतं? ह्यानं विचारलं. पुतण्या आता हाटेलाचा मॅनेजर झालाय.

हाटेल म्हणजे लोणावळ्यातली जुनी सातमजली बँक. बँक तळेगावला गेली, तेव्हा ह्यानंच सांगितलं, "काकी, लॉकर कुटं पळून जात्यात व्हय?" नाही पळाले. इमारत हाटेलवाल्यांनी घेतली आणि तळघरातली लॉकरची खोली 'वारसा' म्हणून घोषित झाली. त्या वारशात आमच्या घराण्याचे देव अडकले, चांदीचे टाक. उद्या घटस्थापना. देवाशिवाय घट बसवू कुणापुढं?

"तळघर फक्त पाहुण्यांसाठी आहे, मॅडम."

"मग दे एक खोली." मी आधार कार्ड आपटलं.

पत्ता वाचून त्यानं मान हलवली. "तुंगार्ली? म्हणजे इथलंच. लोकल आधार चालत नाही. पॉलिसी आहे."

"आन् तुझं आधार कुटलं रं?"

"तुंगार्लीचंच. म्हणून तर मलाही इथं राहता येत नाही," तो छाती काढून म्हणाला.

शेवटी वरच्या साहेबानं तोड काढली. गावच्या माणसाला ठेवता येत नाही, पण दाखवता येतं. मला 'मावळी अनुभव' म्हणून लॉकरच्या खोलीच्या दाराशी जात्यावर बसवलं. जात्यात दाणा नव्हता. पाहुण्यांना नुसती घरघर हवी होती.

एका मुंबईच्या बाईनं मोबाईलवर शूटिंग करत विचारलं, "आजी, हे लॉकर खरंच उघडतात?"

लॉकरला दोन किल्ल्या लागतात. माझी माझ्या कमरेला होती, बँकेची रिसेप्शनवर काचेत शोभेला. चुलतीसाठी न निघालेली ती किल्ली त्या बाईच्या मोबाईलसाठी स्वराज पळत घेऊन आला. लॉकर उघडला, देव बाहेर आले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीही असाल त्यांच्यात.

मी टाक पदरात बांधले आणि उठले. स्वराज आडवा आला. "मॅडम, ते ठेवा. हेरिटेज आहे!"

"सरक बाजूला! देवबी तुंगार्लीचं हायेत, लोकल. तुझ्या पॉलिसीत बसत न्हाईत. उद्या घटाला यायचं तर ये. पण आमच्याकडं उलटं हाय, लोकल आधारच लागतं. तुझं आता चालतंय का, ते ह्या टाळ्या वाजवणाऱ्यांना इच्यारून ये."