उत्तरदाती क्रमांक सात

माणसाला जे नुसतं माहीत असतं ते ज्ञान नव्हे. तेच बारा आकाराच्या अक्षरांत, ओळींमध्ये दुप्पट अंतर सोडून आणि डावीकडे एक इंच समास राखून सादर केलं, की त्याचं ज्ञान होतं. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नसल्यामुळे त्यांनी शेती, औषधं, गलबतं वगैरे नुसतीच केली आणि संदर्भसूची जोडली नाही. आम्ही ती चूक करत नाही.

आम्ही म्हणजे डोंबिवली पूर्वेच्या एका महाविद्यालयाचा समाजशास्त्र विभाग. विभागात तीन माणसं, दोन टेबलं आणि एक प्रिंटर आहे (प्रिंटर रसायनशास्त्राचा, शाई आमची). विश्राम सर विभागप्रमुख, त्यांच्या खालोखाल मी आणि माझ्या खाली क्षिप्रा. क्षिप्रा नौपाड्याची, हुशार, आणि गेली नऊ वर्षं दर वर्षी अकरा महिन्यांपुरती नेमलेली. यंदा ती कायम होण्याची शक्यता निर्माण झाली होती. त्यासाठी एकतीस मार्चच्या आत मान्यताप्राप्त यादीतल्या एखाद्या नियतकालिकात तिचा शोधनिबंध छापून यायला हवा होता. ती शिकवते कशी, हे कुणी विचारलं नाही, कारण त्यासाठी विहित नमुना नाही.

क्षिप्राने विषय घेतला मिठागरांत राबलेल्या बायकांचा. शीळफाट्यावरून रिक्षा करून खाडीच्या अंगाला गेलं की एक गाव लागतं. गाव म्हणजे आता चौदा टॉवर, दोन मंगल कार्यालयं आणि मधोमध गावदेवी. तिथे तुळसाबाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी बावीस वर्षं मिठागरात पायांनी मीठ तुडवलं आणि डोक्यावरून पाट्या वाहिल्या. बोट बुडवून पाणी चाखलं की मीठ किती दिवसांत धरेल हे त्या सांगत. नवरा गेल्यावर माहेरी आल्या त्या तिथेच राहिल्या. भावाच्या भातशेतीवर आज ‘गोविंदा हाइट्स’ उभी आहे (गोविंदा हे भावाचं नाव). खाली भाच्याचं, म्हणजे मयूरचं ऑफिस आहे, आणि मागच्या खोलीत तुळसाबाई. मयूर माणूस चांगला आहे. आत्याला दोन वेळा जेवण, तेही माशांसकट, वेळच्या वेळी पोचतं.

सहा रविवार क्षिप्रा त्या खोलीत जाऊन बसली. तुळसाबाईंनी सगळं सांगितलं, आणि या सगळ्याबद्दल एकच मागणं मागितलं. क्षिप्राने ते ध्वनिमुद्रण आम्हाला स्टाफरूममध्ये ऐकवलं, म्हणून शब्द जसेच्या तसे देतो.

"तुज्या पुस्तकान माजा नाव येल ना? आख्ख्या जल्मान माजा नाव कागदाव येकदाच आयलाय. भावाला हक्क सोरून दिला तवा."

त्यावर क्षिप्राचा आवाज ऐकू येतो. "येईल आजी. मी स्वतः लिहीन."

ऐकून झाल्यावर विश्राम सर म्हणाले की अवतरण चांगलं आहे, निष्कर्षात घालावं. मीही मान डोलावली. इथवर सर्व काही नैसर्गिक म्हणजेच अशास्त्रीय पद्धतीने चाललं होतं.

पहिली शास्त्रीय सुधारणा संख्येची झाली. एका बाईचं सांगणं हा किस्सा असतो, बारा बायकांचं सांगणं हा नमुना. म्हणून क्षिप्राने आणखी अकरा बायका शोधल्या, सगळ्यांना वयाप्रमाणे, थोरलीपासून, क्रमांक दिले, आणि तुळसाबाईंचा सातवा आला. ऐंशीच्या पुढचं वय असून सातवा म्हणजे त्या गावच्या मिठात काहीतरी असलं पाहिजे. पण तो वेगळ्या शोधनिबंधाचा विषय आहे.

दुसरी सुधारणा नीतिमत्तेची. महाविद्यालयात संशोधन-नीती समिती आहे. तिचे सदस्य पाच, त्यांतले दोन रसायनशास्त्राचे (प्रिंटरमुळे). समितीच्या छापील संमतिपत्रात ‘आपले नाव कोठेही उघड केले जाणार नाही’ असं आश्वासन असतं. क्षिप्राने लेखी कळवलं की या बाईंना नाव उघड करूनच हवंय, त्यांची अट तेवढीच आहे. समितीने पाऊण तास विचार केला. चहा दोनदा झाला. ठराव असा: ‘ज्या व्यक्तीला नाव छापून हवे आहे, तिला नाव छापण्यातील धोके समजलेले नाहीत असे मानावे. ज्या व्यक्तीला धोके समजले आहेत, ती नाव छापून मागणारच नाही. सबब दोन्ही प्रकारच्या व्यक्तींची नावे वगळावीत.’ इतका निर्दोष तर्क मी तर्कशास्त्र विभागातही पाहिलेला नाही (तो विभाग विद्यार्थ्यांअभावी बंद झाला).

तुळसाबाई अशा रीतीने उत्तरदाती क्रमांक सात झाल्या. क्षिप्राने दोन दिवस तो ठराव पुन्हा पुन्हा वाचला. मग तिने मार्ग काढला. निबंधाच्या शेवटी आभार मानायची जागा असते, तिथे नाव घालायचं. आभार मानायला कोणत्याच समितीची हरकत नसते, असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

पण आधी निबंध पाठवायला हवा होता. नियतकालिक इंग्रजी, त्रैमासिक, आणि त्याच्या सूचनाच अठरा पानांच्या. पहिली सूचना अशी की परीक्षकाला लेखक कोण हे कळता कामा नये. म्हणून आमची नावं काढली. महाविद्यालय काढलं. डोंबिवली काढली, कारण डोंबिवलीवरून महाविद्यालय कळतं. शीळफाटा काढला, कारण शीळफाट्यावरून वाहतूक कळते. गावाच्या जागी ‘पश्चिम भारतातील एका महानगराच्या परिघावरील वस्ती’ आली. खाडीची ‘आंतरभरती सीमारेषा’ झाली, मिठागराचा ‘किनारी उत्पादन-अवकाश’. आभारही तात्पुरते काढले. नऊ हजार शब्दांत मीठ हा शब्द तीनदा उरला, त्यांतला दोनदा संदर्भसूचीत.

लेखक किती, हाही प्रश्न होता. तो मात्र चर्चेविना सुटला. विभागात जे पिकतं त्यात विभागप्रमुखाचा वाटा असतो, ही आमच्याकडची जुनी रीत आहे, म्हणून विश्राम सरांचं नाव पहिलं. काम क्षिप्राचं, म्हणून दुसरं तिचं. तिसरं माझं. मी स्वल्पविराम तपासले होते, आणि मला पदोन्नतीसाठी गुण कमी पडत होते. क्षिप्राने तिन्ही नावं स्वतः टाइप केली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, आणि मी फारसं पाहिलंही नाही.

चार महिन्यांनी परीक्षकांची मतं आली. पहिल्या परीक्षकाने भाषा सुधारा एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्याने चार पानं लिहिली होती, म्हणजे तो वाचणारा होता. हक्क सोडण्याविषयीचं ते वाक्य त्याला फार प्रभावी वाटलं, आणि म्हणूनच संशयास्पद. मिठागरातली बाई असं आपण होऊन बोलेल यावर विश्वास ठेवणं कठीण आहे, असं त्याचं म्हणणं. हेच परदेशात कुणी म्हटलं असेल तर आधार द्यावा. क्षिप्राने आधार शोधला. एका दूरच्या खंडातल्या प्राध्यापकांनी कोळणींविषयी जवळपास तेच लिहिलं होतं, त्याला नाव दिलं होतं आणि त्यावर पुस्तक काढलं होतं. सुधारलेल्या निबंधात आता असं वाक्य आलं: ‘उत्तरदाती क्र. ७ हिचा अनुभव दस्तऐवजी दृश्यतेच्या प्रस्थापित सिद्धान्ताशी सुसंगत आहे.’ बाई सिद्धान्ताशी सुसंगत निघाल्या याचं विश्राम सरांना फार समाधान वाटलं. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे आणले.

मार्चच्या सव्वीस तारखेला निबंध स्वीकारला गेल्याचं कळलं आणि छपाईपूर्व प्रत तपासायला आली. वर आमची नावं परत आली होती, ठळक अक्षरांत. लेखकांची नावं परीक्षेपुरतीच झाकायची असतात, निकाल लागला की ती उघडतात. क्षिप्राने आभारांचा मजकूर पाठवला. विश्राम सरांच्या सांगण्यावरून त्यात व्यवस्थापन, प्राचार्य, ग्रंथपाल, सरांच्या पत्नी आणि सरांचे गुरू होते. शेवटी क्षिप्राने स्वतःची एक ओळ घातली, तुळसाबाईंचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव.

दुसऱ्या दिवशी संपादकीय विभागाकडून नम्र विचारणा आली. सदर व्यक्ती उत्तरदात्यांपैकी आहे काय? असल्यास आभारांमुळे तिची ओळख उघड होते, आणि तिला दिलेल्या गोपनीयतेच्या हमीचा भंग होतो. ओळ काढण्यास मान्यता द्यावी, अथवा निबंध मागे घ्यावा. मुदत अठ्ठेचाळीस तास. सरांच्या पत्नीला कुणाचीच हरकत नव्हती.

क्षिप्रा माझ्या टेबलाशी आली. तिचे डोळे लाल होते. "सर, मी त्यांना शब्द दिलाय," ती म्हणाली. "निबंध मागे घेतला तर काय होईल?"

काय होईल हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. आणखी एक वर्ष, आणखी अकरा महिने, आणि पुढच्या वर्षी जागाच नसेल कदाचित. मी तिला समजावलं की संशोधनात भावनेला स्थान नाही, आणि बाईंना इंग्रजी येत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझे गुण अडकले होते हीसुद्धा खरी होती, ती मी बोललो नाही. तिने माझ्यासमोर ‘मान्य’ हे बटण दाबलं. मला त्या क्षणी लाज वाटली होती. वार्षिक स्वमूल्यमापनाच्या अर्जात लाजेसाठी रकाना नसल्यामुळे ती इथे नोंदवून ठेवतो.

अंक मुदतीत आला. क्षिप्राने तो तीन आठवडे पर्समध्ये वागवला. मग एका रविवारी म्हणाली, "सर, तुम्ही चला ना बरोबर. मला एकटीला नाही जमणार." आम्ही शीळफाट्याला भेटलो आणि रिक्षा केली.

मयूरने ऑफिसात बसवलं, एसी लावला, कोल्ड्रिंक मागवलं, आणि आत्याला बोलावून घेतलं. त्यालाही आनंद झाला होता. आत्याची मुलाखत इंग्रजीत आली म्हणजे मोठीच गोष्ट. तुळसाबाईंनी आधी हात धुतले, पदराला नीट पुसले, आणि मग अंक मांडीवर घेतला. पानांवरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नाही, सहीपुरतं मराठीत नाव काढता येतं, तेही हक्क सोडण्याच्या वेळी शिकवलं होतं म्हणे.

"माजा नाव कुठं हाय?" त्या क्षिप्राला म्हणाल्या. "बोट ठेव."

क्षिप्राने बोट ठेवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीबाहेर. मयूर फोनवरून नजर वर करून वाट बघू लागला. कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी पुढे वाकलो, तुळसाबाईंचं बोट धरलं आणि पहिल्या पानावरच्या तिसऱ्या नावावर ठेवलं. ते माझं होतं.

त्यांनी ते बोट हळूहळू पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं.

"येवरा लांब?"

"पूर्ण नाव आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा एकदा बोट नेलं. "बरा झाला," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मयूरने त्या पानाची न वाचताच फ्रेम करून घेतली. ती त्याच्या ऑफिसात ‘गोविंदा हाइट्स’च्या नकाशाशेजारी लावलेली आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुळसाबाई माझं नाव आपलं म्हणून दाखवतात. क्षिप्रा जूनमध्ये कायम झाली. माझीही पदोन्नती झाली. त्या रविवारापासून क्षिप्रा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि त्यात तिची काही चूक नाही.

ही हकिगत मी नौपाड्यात आणि डोंबिवलीत बऱ्याच सुशिक्षित घरांत सांगितली. सगळ्यांना संताप आला. आजकालच्या संशोधनाला काळीज नाही, असं सर्वांचं मत पडलं. काहींनी मला तोंडावर निर्लज्ज म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. संताप ओसरला की मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. तुमच्या आजोबांच्या जागेवर तुमच्या वडिलांचं नाव लागलं, तेव्हा आत्याने सही करून दिली असेलच. त्या कागदावर तिचं नाव काय आहे?

आजवर एक्केचाळीस जणांना विचारलं. सतरा जण म्हणाले बेबीआत्या. नऊ जण म्हणाले ताईआत्या. सहा जणांची ठाण्याची आत्या होती आणि पाच जणांची नुसती माई. उरलेले चौघे म्हणाले, आईला विचारून सांगतो. त्यांचा अजून फोन आलेला नाही.

आपण बेचाळिसावे. सावकाश आठवा, मुदत नाही. उत्तर चुकलं तरी काळजी करू नका, आपलं नाव गुप्त राहील. तिचं आहेच.