न झालेल्या आवाजाची माफी

मित्सुएबाई सकाळी स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा टेबलावर चहाची किटली ठेवायला जागा नव्हती. मांजूचे, म्हणजे पुरण भरलेल्या वाफवलेल्या गोड पावांचे, खोके एकावर एक रचून ठेवले होते आणि त्यांचे यजमान काजितानी गुरुजी प्रत्येक खोक्यावर नावाची चिठ्ठी डकवत होते.

“अहो, कुणाचं लग्न ठरलं?”

“लग्न नाही,” गुरुजी म्हणाले. “माझं घाटावर जायचं ठरलं. रविवारी पहाटे.”

मित्सुएबाईंनी किटली हातातच धरली. हे ठरणं त्यांनी तीन वर्षं ऐकलं होतं.

काजितानी गुरुजींचा सगळा जन्म जपानातल्या ओदावारा शहरातल्या एका प्राथमिक शाळेत गेला. जाणंयेणं सायकलवर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक पिवळीधमक, टप उघडणारी, दोनच माणसं बसतील अशी गाडी घरी आणली, तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं की गुरुजींकडे कोणी चैनी पाहुणा उतरला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, उजाडता उजाडता, हाकोनेच्या घाटमाथ्यावरच्या वाहनतळावर अशा गाड्यांचे शौकीन जमतात, हे कळल्यावर त्यांनी ती घेतली होती. पण घाटमाथा काही त्यांनी अजून पाहिला नव्हता. कधी धुकं आडवं आलं, कधी सर्दी. बहुतेक वेळा मात्र तयारी पुरी झालेली नसायची. गाडी आपली भरदुपारी, लोक कामावर गेले की, बंदरापर्यंत जाऊन मासळी घेऊन यायची.

शेवटी मित्सुएबाईंनी निकाल दिला होता. गाडीच्या सरकारी तपासणीची मुदत या महिन्यात संपत होती. येत्या रविवारी गुरुजी वर गेले, तर पुढची तपासणी. नाही गेले, तर गाडी विकायची, आणि त्या जागेवर काकडीचा मांडव घालायचा. बांबूसुद्धा आणून ठेवले होते.

गुरुजींची खरी अडचण गाडीची नव्हतीच. ती कशाची होती, हे सेइजीला ठाऊक होतं. सेइजी त्यांचा जुना विद्यार्थी. त्याचं केस कापायचं दुकान होतं आणि तो स्वतः दोनतीनदा वर जाऊन आला होता. गुरुजी त्याच्या खुर्चीत बसले की एकच विषय निघायचा.

“तिथे बोलावतं कोण?”

“कोणीच नाही, गुरुजी.”

“मग कोण कोण येणार, हे कोणाला ठाऊक असतं?”

“कोणालाच नाही. उजाडलं की लोक येतात. एकमेकांच्या गाड्या बघतात आणि न्याहारीला घरी जातात.”

“आणि प्रमुख?”

“प्रमुख नाही.”

यावर गुरुजी आरशात स्वतःकडेच काळजीने बघत राहायचे. ज्या ठिकाणी कोणी प्रमुख नाही, अशा ठिकाणी ते उभ्या जन्मात गेले नव्हते. गेल्यावर नमस्कार कोणाला करायचा, गाडी कुठे लावू म्हणून कोणाला विचारायचं, आणि निघताना कोणाची रजा घ्यायची? शेवटी त्यांनी स्वतःपुरता मार्ग काढला. शाळेच्या सहलीला करत तशी छोटी पुस्तिका केली. पहिल्या पानावर सहलीचा उद्देश, मधे खाऊ किती न्यायचा त्याची मर्यादा, शेवटच्या पानावर पाऊस आला तर काय. गटप्रमुख, काजितानी. गटातील सभासद, काजितानी. सेइजीने ती गंभीर चेहऱ्याने चाळली आणि विचारलं, “गुरुजी, केळं खाऊत धरायचं की जेवणात?”

गुरुजींनी क्षणभर विचार केला. “जेवणात,” ते म्हणाले. “खाऊ थोडाच न्यावा.”

आता राहिला होता आवाज. गाडीच्या आधीच्या मालकाने हौसेने मुद्दाम मोठा आवाज करणारा सायलेन्सर बसवून घेतला होता. दुपारी तो आवाज खपून जायचा, पण पहाटेच्या शांततेत त्या उताराच्या अरुंद गल्लीत तो कसा वाजेल, याची कल्पना गुरुजींना करवत नव्हती. लोकांची झोप मोडण्याआधी घरोघर जाऊन माफी मागायला हवी, आणि रिकाम्या हाताने माफी कशी मागायची? म्हणून मांजू.

गुरुजी उभ्या गल्लीत फिरले. “रविवारी पहाटे आमच्यामुळे आपल्याला फार त्रास होणार आहे,” असं म्हणून खोका पुढे करायचे आणि इतके वाकायचे की समोरच्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. खालच्या पुलापलीकडे मात्र ते गेले नाहीत. पुलापलीकडची वस्ती वेगळ्या वॉर्डात होती, तिथे आवाज पोचणार नव्हता. पोचू नये अशी त्यांची मनापासून इच्छाही होती, कारण तिथे ओनुकी राहायचे. शाळेच्या क्रीडादिनाच्या भोंग्याबद्दल ओनुकी दरवर्षी तक्रार घेऊन यायचे आणि दरवर्षी गुरुजीच त्यांच्यापुढे उभे राहायचे.

माफी इतकी चांगली मागितली गेली की तिचा परिणाम व्हायला वेळ लागला नाही. मांजू खाल्लेल्या घरांतून परतभेटी यायला लागल्या. कोणी संत्री दिली, कोणी माशाच्या वड्या, कोणी नवा कोरा टॉवेल. वर प्रत्येक जण विचारायचा, “तर मग रविवारी नक्की ना?” किशिमोतोबाईंनी आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला रविवारपुरतं बहिणीकडे पोचवलं. कुत्रा दोन वर्षांपासून ठार बहिरा होता, पण गुरुजी एवढं सांगून गेले, तर आपणही काही करायला हवं, असं त्यांना वाटलं.

वॉर्डाचे प्रमुख हिराइवा शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी घरोघर फिरणाऱ्या सूचनेच्या पाटीवर ही बातमी घातली. आणि नाहीतरी सगळे त्या वेळी जागे होणारच आहेत, असा विचार करून वॉर्डाचं गवत काढण्याचं सामुदायिक कामही त्यांनी त्याच पहाटेवर ओढलं.

“आता धुकं आलं तरी जावं लागणार,” पाटी वाचून मित्सुएबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या की काय, हे गुरुजींना नीट कळलं नाही.

सहलीला मुलांना नेण्याआधी गुरुजी नेहमी एकदा स्वतः सगळं तपासून बघत. आताही त्यांनी सराव करायचं ठरवलं. पण माफी रविवारच्या आवाजाची मागितली होती. गुरुवारी इंजिन चालू करणं म्हणजे शेजाऱ्यांना फसवणं झालं असतं. म्हणून ते रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये गाडीत बसायचे आणि इंजिन सोडून बाकी सगळं चालू करायचे. दिवे, वायपर, आणि हवामान ऐकायला रेडिओ. घाटातलं एकेक वळण आठवून ते डावीकडचा दिवा लावायचे, मग उजवीकडचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मित्सुएबाईंना दिसायचं की आपले यजमान भिंतीला वळण्याची खूण करत आहेत.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. गुरुजी बाहेर आले, तर गल्लीत जत्रा. हातमोजे घालून, विळे घेऊन सगळी मंडळी दोन्ही बाजूंनी उभी होती. तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या आईने त्याच्या कानांवर आधीच हात ठेवले होते. गुरुजी चारी दिशांना वाकले, गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. पुन्हा टिक, आणि तोही आधीपेक्षा हळू. बाळाच्या आईने हात जरा सैल केले.

सेइजी विळा टाकून पुढे आला आणि त्याने वाकून आत बघितलं. “गुरुजी, बॅटरी बसलीय. रोज संध्याकाळी काय करत होतात?”

“सराव,” गुरुजी म्हणाले.

ते गाडीतून उतरले. चेहरा उतरलेला होता. आता पुन्हा घरोघर जाऊन न झालेल्या आवाजाची माफी मागायची, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण ते वाकायला लागलेच होते. कोपऱ्यात उभे केलेले काकडीचे बांबू त्यांना दिसले आणि त्यांनी नजर वळवली. मित्सुएबाईंनीही त्याच बांबूंकडे बघितलं.

हिराइवा पुढे आले. “गुरुजी, हे बरोबर नाही. आवाज होणार म्हणून गल्लीने मांजू खाल्ले. आता आवाजच झाला नाही, तर गल्लीने फुकट खाल्ल्यासारखं होईल. गल्ली उताराची आहे. आपण धक्का मारू.”

हे सगळ्यांना एकदम पटलं. विळे खाली ठेवले गेले. गुरुजी पुन्हा आत बसले आणि अर्धी गल्ली गाडीच्या मागे लागली. सेइजी धावता धावता सांगत होता, “दुसरा गिअर टाकून ठेवा. मी सांगितलं की क्लच झटक्यात सोडा.”

पण झटक्यात काही करणं गुरुजींच्या स्वभावात नव्हतं. झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसा त्यांनी क्लच हळूच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि ती तशीच गप्प घरंगळत राहिली. पुन्हा क्लच, पुन्हा आचका. ज्यांच्याकडे मांजू पोचले होते त्या प्रत्येक दारावरून पिवळी गाडी अदबीने, चकार शब्द न काढता गेली. उतार तीव्र झाला, ढकलणारे मागे पडले, आणि गाडी पूल ओलांडून पलीकडच्या वॉर्डात शिरली.

तिथे उतार संपत होता. गुरुजींचा धीरही संपत होता. त्यांचा पाय क्लचवरून चक्क निसटला.

आणि मग जो आवाज झाला, तो गुरुजींनी माफी मागताना सांगितला होता त्यापेक्षाही मोठा होता. दोन्ही बाजूंच्या घरांत दिवे लागले. एक खिडकी उघडली, मग दुसरी. समोरच्या गॅलरीत बनियनवर उभे होते ओनुकी.

गुरुजींचा हात आपसूक किल्लीकडे गेला. आधी इंजिन बंद, मग उतरून माफी. पण मागून सेइजीची हाक आली, “बंद करू नका, गुरुजी. पुढे उतार नाही.”

म्हणजे उतरता येत नव्हतं आणि माफीही मागता येत नव्हती. गुरुजी गाडीतल्या गाडीत ओनुकींच्या दिशेने वाकले. कपाळ स्टिअरिंगला लागलं आणि हॉर्न वाजला.

एवढ्यात मित्सुएबाई पुलावरून धापा टाकत आल्या. गुरुजी जेवणाचा डबा घरीच विसरले होते. तो हातात धरूनच बाईंनी एकेका खिडकीकडे बघून नमस्कार केला. मागोमाग हिराइवा पोचले. “काकू, इकडचं आम्ही बघतो,” ते म्हणाले. “माझा खोका तसाच पडून आहे, मला गोड चालत नाही. आणखीही दोघांतिघांकडे असतील. आमच्या वाटणीचा आवाज यांना गेला, तर मांजूही यांनाच जायला हवेत. तुम्ही गुरुजींना जाऊ द्या.”

“आणि वर जाऊन गाडी पुन्हा बसली तर?” मित्सुएबाईंनी विचारलं.

“म्हणून तर तुम्ही बसा,” सेइजी म्हणाला. “ढकलायला कोणीतरी नको?”

मित्सुएबाईंनी आजवर त्या गाडीत पाय ठेवला नव्हता. त्यांनी घरातल्या चपलांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, मग एप्रन सोडून डोक्याला गुंडाळला आणि दार उघडलं.

घाटमाथ्यावर पोचल्यावर गुरुजींना पाटी दिसली, ‘इंजिन बंद ठेवावे’. पाटी वाचून ती न पाळणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली आणि सगळं शांत झालं. समोर फुजी पर्वत उभा होता, आणि जवळच उभे असलेले दोन तरुण आपली गाडी सोडून यांच्या गाडीकडे बघत येत होते. नमस्कार कोणाला करायचा, हा प्रश्न सुटला. जो येईल त्याला करायचा. मित्सुएबाईंनी डबा उघडला आणि केळं अर्धं करून गुरुजींच्या हातात दिलं. निघताना त्यांनी ढकलायला बाह्या वर केल्या, पण घाट चढताना बॅटरी भरली होती. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मित्सुएबाईंचा जरा हिरमोडच झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात ओनुकी उभे राहिले. हातात खोका होता. गुरुजी बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला.

“आधी माझं ऐका,” ओनुकी म्हणाले. “पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी पहाटे आमच्याकडून थोडा आवाज होईल. माझी मोटारसायकल आहे. बायको गेल्यापासून ती ताडपत्रीखालीच होती. काल तुमचा आवाज ऐकला आणि जाऊन ताडपत्री काढली. तर त्या आवाजाबद्दल आधीच माफी मागायला आलो.”

त्यांनी खोका पुढे ठेवला. पण ते गेले नाहीत. फाटकाच्या कडीशी चाळा करत उभे राहिले.

“एक विचारायचं होतं. तिथे वर... बोलावतं कोण?”

अंगणातून ठोकण्याचा आवाज येत होता. मित्सुएबाई काकडीचा मांडव घालत होत्या, गॅरेजपासून चांगला दूर, मागच्या भिंतीशी. गुरुजींनी तिकडे एकदा बघितलं.

“कोणीच नाही,” ते म्हणाले. “उजाडलं की लोक येतात.” मग ओनुकींच्या चेहऱ्यावरची काळजी ओळखून त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, “खाऊ थोडाच आणा. केळं आम्ही जेवणात धरतो.”