पाट्या वाचून घ्या

बायकोचा आवाज बसला हे कळल्यावर वैजनाथला क्षणभर जो आनंद झाला, त्याची फेड त्याला पुढं भर कार्यक्रमात करावी लागली. (आनंद त्यानं चेहऱ्यावर दिसू दिला नव्हता, तरीही.)

बायको म्हणजे आरती. मुखेडमध्ये तिची बालवाडी होती. दिवाळीच्या सुट्टीआधी पोरांनी आपल्या हातानं कार्डं करून घरच्यांना भेट द्यायची, असा कार्यक्रम तिनं ठरवला आणि नेमका आदल्या दिवशी घसा गेला. तसं कार्ड एखादं कमी रंगलं असतं तर बिघडलं नसतं. पण बालवाडीची खोली होती गुरुपादप्पांची, आणि शेजारीच त्यांचं लोखंडाचं दुकान. "दिवाळीच्या कार्यक्रमाला येऊन बघतो. पोरं नुसती नाचूनच राहिली असतील तर खोलीत पाईप ठेवतो," असं ते सांगून गेले होते. त्यांचा नातू महांतेश याच वर्गात होता, पण पाईपही त्यांना काही कमी लाडके नव्हते.

"मी घेतो वर्ग," वैजनाथ म्हणाला. "हापिसात भांडायला आलेली माणसं सांभाळतो मी. ही तर लेकरं."

आरतीनं मफलर सैल करून कुजबुजत सांगितलं, "आधी पाट्या वाचून घ्या. मग ज्याला जो शब्द आवडला तो कार्डावर लिहू द्या. भोवती चित्र काढतील. पाकिटात घालून चिकटवून टाका."

"पाट्या?"

"हाव. सोप्या हायत." आणि ती गुळण्या करायला मोरीत गेली.

वर्गातल्या कपाटात 'कमळ', 'घर', 'बदक' अशा रंगीत पाट्या तिनं स्वतः रंगवून ठेवल्या होत्या. वैजनाथनं कपाट उघडलंच नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे पाट्या बाजारात असतात.

तेव्हा एकमेकांच्या सदऱ्याची टोकं धरून बालवाडी रस्त्याला लागली. पुढं वैजनाथ, मागं त्याचीच लेक रेणुका, तिच्यामागं उरलेली सगळी. पाटी दिसली की थांबायचं, अक्षर-अक्षर ओरडायचं. पोरांना हा खेळ भलताच आवडला. पाटी संपली की पोस्टर, पोस्टर संपलं की भिंत. 'देशी दारू' या पाटीपाशी तर आवाज असा लागला की आतली गिऱ्हाइकं बाहेर डोकावली. वैजनाथ जरा घुटमळला, पण एकाच पाटीत दीर्घ वेलांटी आणि दीर्घ उकार दोन्ही मिळत होते. त्यानं दोनदा वाचून घेतली.

परत आल्यावर पोरांनी माना मोडून कार्डं लिहिली. वैजनाथ त्या वेळी डिंकात अडकलेली स्वतःची बोटं सोडवत होता, त्यामुळं कोण काय लिहितंय ते बघायचं राहिलं.

"वाचलं का पोरांनी?" संध्याकाळी आरतीनं विचारलं.

"फाडफाड."

"कमळ वाचलं?"

"कमळ काय, त्याच्यापेक्षा अवघड वाचलं." आरतीला बरं वाटलं. नवऱ्याबद्दल असं वाटल्यामुळं ती जरा बावरलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी खोली भरली. गुरुपादप्पा पहिल्या खुर्चीत, कपाळावर ताजं भस्म, नजर भिंतीच्या लांबीवर. बहुतेक पाईप मनातल्या मनात लावून बघत असावेत.

पहिला आला मल्लेश. त्यानं आजीला, कमलम्माला, कार्ड दिलं. आजीला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रं?"

"म्है-स," मल्लेशनं खणखणीत वाचलं.

आरतीनं नवऱ्याकडं पाहिलं. "जोडाक्षर हाय," वैजनाथ हळूच म्हणाला.

कमलम्मानं मात्र कार्ड कपाळाला लावलं. "लेकराच्या तोंडून निघालं. आता घ्यायचीच बघा म्हैस."

मग सुकन्या. तिनं वडलांच्या, व्यंकटच्या, हातात कार्ड ठेवलं आणि वाचलं, "दे-शी दा-रू." भोवती चार पणत्या काढल्या होत्या.

"आता हे काय," व्यंकट कसनुसं हसत बायकोला म्हणाला. "मी तर त्या गल्लीला जातबी न्हाई."

"बाबा, असं काय करता," सुकन्या म्हणाली. "काल आम्ही वाचत होतो तवा तुम्ही आतून हात केला की."

व्यंकटच्या बायकोनं पदर खोचला आणि नवऱ्याला चप्पल घालायला सांगितलं. ते दोघं कार्यक्रम अर्धा टाकून निघून गेले.

आरतीला ओरडायचं होतं, पण घशातून नुसतीच हवा आली. तेवढ्यात महांतेश आजोबांच्या पुढं उभा राहिला. गुरुपादप्पांनी पाकीट फोडलं. झेंडूच्या फुलांची नक्षी, आणि मधोमध ठसठशीत 'भंगार'.

"कोणाला म्हणून राहिलास?" गुरुपादप्पांनी विचारलं.

"तुम्हाला भेट हाय, अज्जा. भं-गा-र. वर टिंब हाय, बघा."

गुरुपादप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नातवाला दारात नेलं आणि समोरच्या दुकानाकडं बोट केलं. महांतेशनं वाचलं. शेजारची पाटी दाखवली, तीही वाचली. मग त्यांनी स्वतःच्या दुकानाची पाटी दाखवली. महांतेशनं तीही वाचली आणि 'हार्डवेअर'मधला रफार पेंटरनं भलत्याच अक्षरावर दिलाय, तेही सांगितलं.

"इतकी वर्षं माझ्या ध्यानात न्हाई आलं," गुरुपादप्पा म्हणाले. "बाई, खोली तुमचीच. पाईप मी दुसरीकडं ठेवतो. ही बाजारात न्यायची कल्पना कोणाची?"

आरतीनं मुकाट्यानं नवऱ्याकडं बोट केलं.

वैजनाथ उभा राहिला. टाळ्या झाल्या. 'सर, सर' म्हणत पालक भोवती जमले. वाचन हे जिवंत असलं पाहिजे, असं काहीतरी बोलायला त्यानं सुरुवातही केली. तेवढ्यात रेणुकानं त्याचा सदरा ओढून आपलं कार्ड पुढं केलं. त्यानं ते सगळ्यांना दिसावं म्हणून, न बघताच, डोक्यावर उंच धरलं.

अख्ख्या बालवाडीनं सवयीनं एका सुरात वाचलं, "धो-का."

खाली हाडं, वर कवटी, आणि कवटीच्या कानावर जास्वंद.

"कुठं वाचलंस हे?" आरतीनं उरलासुरला आवाज गोळा करून विचारलं.

"विजेच्या डीपीवर," रेणुका म्हणाली. "तिथं 'हात लावू नका' पण लिहिलं होतं, पण ते लिहायला लांब होतं. तू बाबांना घरात रोज म्हणतेस ना, तेच."