काशिनाथचे दोन घुसखोर किलो

“साऱ्या मद्रासेत तर्क चालवणारी डोकी दोनच,” बालाजीराव म्हणत. “एक माझं. दुसरं अजून सापडलेलं नाही. तपास चालू आहे.”

आवडी या उपनगरातल्या एका कारखान्यात तीस वर्षं गणवेशांची बटणं मोजून निवृत्त झाल्यावर त्यांनी मैलापुरातल्या घराच्या दारावर ‘गुप्तहेर’ अशी तीन भाषांत पाटी लावली. गुप्त राहण्याचा प्रश्न तिथेच मिटला. राघोत्तम त्यांचा मदतनीस. तो त्यांच्या बायकोचा, जयंतीअक्काचा, धाकटा भाऊ. राहायलाही त्यांच्याकडेच, त्यामुळे ही नोकरी सोडायची सोय नव्हती.

पहाटे देवळं करायच्या मार्गळी या तमिळ महिन्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, एका सकाळी शेजारचा काशिनाथ आला. मूळचा नगरचा, मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग तपासणारा.

“राव, तीन आठवडे रोज मोजून, फोनमध्ये लिहून पंधराशे कॅलरी. चपातीसुद्धा तोलून खातो. पहाटे देवळं करत सहा हजार पावलं चालतो. आणि वजन दोन किलोंनी वाढलं! फेब्रुवारीत तपासणी आहे. तोवर उतरलं नाही, तर डॉक्टर साखरेची गोळी सुरू करणार. आमच्या वडिलांची एका गोळीनंच सुरुवात झाली होती. शेवटी डबा लागायचा.”

बालाजीरावांनी डोळे मिटले. “संशयित शैलावहिनी. भाजीत तेल लपवतात.”

राघोत्तम काशिनाथच्या बायकोकडे चौकशीला गेला. शैलावहिनींनी त्याला आधी तेलाची बाटली दाखवली, मग दार.

दुसरा संशय शहराबाहेर सिरुसेरीला नोकरी करणाऱ्या काशिनाथच्या मुलीवर, रेवावर. ती म्हणे तिथून बापाच्या फोनमधले आकडे बदलते.

“पण हेतू काय, भावजी?”

“हेतू नसलेला गुन्हेगार सर्वांत घातक, राघू.”

रेवा फोनवर पोटभर हसली. “काका, मला ऑफिसातलेच आकडे जुळवता येत नाहीत हो!”

मग पाळत. आठवडाभर पहाटे साडेपाचला दोघं वीस पावलांवरून काशिनाथच्या मागे. तो देवळात शिरला की हे शिरत. तो रांगेत उभा राहिला की हेही. राघोत्तमची वही चोख होती: ‘५.४० पहिलं देऊळ, दर्शन. ६.०५ दुसरं, दर्शन. ६.३० तिसरं. ७.०० हॉटेलावरून गेला. आत पाहिलंसुद्धा नाही. खाणं: शून्य.’

सातव्या दिवशी राघोत्तमच्या पँटचं बटण उडालं. हा पुरावा आहे हे त्याला तेव्हा कळलं नाही.

रविवारी बालाजीरावांनी काशिनाथला बोलावून घेतलं आणि घरचा वजनकाटा मधोमध ठेवला. “शहरातले सगळे वजनकाटे फितूर आहेत! माझं वजन दहा वर्षं अठ्ठ्याहत्तर. आता पाहा.” ते काट्यावर चढले. ऐंशी. “पाहिलंत? बरोबर दोन किलो खोटं!”

काशिनाथला हायसं वाटू लागलं, तेवढ्यात जयंतीअक्का कॉफी घेऊन आली.

“काटा बरोबर आहे हो. सकाळीच पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून पाहिली, पाचच भरली. ते जाऊ दे. तुमच्या आणि राघूच्या सदऱ्यांवरचे तुपाचे डाग आठवडाभर घासतेय मी. पहाटे खाता काय तुम्ही?”

“काही नाही!” तिघं एका सुरात म्हणाले.

“प्रसाद?”

“तो घेतो की,” काशिनाथ म्हणाला. “गरम पोंगल. तुपात न्हालेली खिचडीच. तिन्ही देवळांत. काजू घालतात.”

“मग फोनमध्ये लिहिता ते?”

“वहिनी! देवाचा प्रसाद काट्यावर ठेवू?”

राघोत्तमनं हळूच वही चाळली. सात दिवस, माणशी एकवीस द्रोण, आणि वहीत अवाक्षर नाही. त्यानं तर दुसऱ्या देवळात रोज दोनदा रांग लावली होती.

“बोटभर घेतलात तर प्रसाद,” जयंतीअक्का म्हणाली. “द्रोण द्रोण भरून घेतलात, की तो नाश्ता. लिहा.”

“अय्यो,” बालाजीराव म्हणाले, आणि फायलीवर शेरा मारला: ‘आरोपी खुद्द देव. उलटतपासणी अशक्य.’

फेब्रुवारीत काशिनाथ नाचतच आला. पावलं तेवढीच, प्रसाद बोटभर. वजन तीन किलोंनी उतरलं होतं. गोळी टळली. बालाजीरावांची फी म्हणून त्यानं गोड पोंगलचा भलामोठा डबा आणला होता. झाकणाच्या कडेनं तूप ओघळत होतं.

बालाजीरावांनी हात पुढे केला.

“मुद्देमाल,” असं म्हणून जयंतीअक्कानं डबा उचलला आणि त्या पसरलेल्या तळव्यावर बोटभर पोंगल ठेवला.

राघोत्तमनं वही उघडली. ‘५.१० संध्याकाळ. भावजी. खाणं: बोटभर.’ मग त्यानं स्वतःचा हात पुढे केला.