निरोप वेळेवर पोचला

राणी विष पिते, पेला हातातून गळतो, आणि त्या आवाजावर दूत धावत येऊन सांगतो, "राजे जिवंत आहेत!" पण तोवर उशीर झालेला असतो. शेणवे गावच्या नाट्यमंडळाची सगळी शोकांतिका या एवढ्याशा उशिरावर उभी होती. मुरबाडच्या स्पर्धेत मात्र विंगेत कुणाच्या तरी हातून चहाचा स्टीलचा पेला पडला, आणि दूत झालेला धाकलू तडक रंगमंचावर घुसला. विष अजून राणीच्या ओठांपासून वीतभर लांब होतं.

"राजे जिवंत आहेत!" हातातलं राजाचं पत्र उंचावत धाकलू ओरडला.

"बरं झालं गो बाय," प्रेक्षकांतून एक बाई मोठ्यानं म्हणाली.

विंगेत दिग्दर्शक कमळाकर मास्तर वहीची पुढची पानं भराभर उलटू लागले. बारा वर्षांत मंडळ तालुक्यापुढं गेलं नव्हतं, आणि मास्तरांचं हे शेवटचं नाटक होतं. राणी मेली नाही, तर राजाला मरायला कारण उरत नव्हतं. उरलेला सगळा अंक नुसता रडण्याचा होता.

राणीचं काम करणारी नम्रता हुशार. ती कडाडली, "हे पत्र खोटं आहे! शत्रूचं कपट!" आणि तिनं पेला उचलला.

इथं धाकलूचं डोकं फिरलं. तो डोळखांबकडच्या पाड्यांवर टपाल वाटणारा माणूस. त्यानं आणलेल्या पत्राला आजवर कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

"खोटा कसा, राणीसायब? राजांनी माझ्या हातात दिलाय."

"दूता, तू जा!"

"जातो. तुमी आधी तो पेला खाली ठेवा." आणि त्यानं पेल्याला हात घातला. दोघांची ओढाताण सुरू झाली.

"सोडू नको रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"धाकलू, मागं फीर!" मास्तर विंगेतून कुजबुजले.

"यांनी ठेवला की फिरतो," धाकलू तिकडं बघून म्हणाला.

एवढ्यात खांबाशेजारचा पहारेकरी हलला. हा धाऊ. आठ वर्षं तो मंडळात भाला धरून उभा होता, आणि आठ वर्षांत त्याच्या वाट्याला एकही वाक्य आलं नव्हतं. तो पुढं आला. त्यानं भाला जोरात आपटला.

"द्या ते पत्र. मला वाचता येतं."

कागद कोरा होता. धाऊनं घसा साफ केला. "यात लिहिलंय, राजे रणात पडले."

धाकलूचा हात सैल पडला. नम्रतानं वेळ न दवडता सगळं विष घटाघटा पिऊन टाकलं आणि ती कोसळली. मास्तर विंगेतल्या कपड्यांच्या पेटीवर बसले.

मग राजा आला. ओमकारनं आपली वाक्यं तोंडपाठ केली होती, त्यामुळं त्यात बदल होणं शक्य नव्हतं.

"हाय रे दैवा! माझा निरोप उशिरा का पोचला?"

"उशिरा नाय, महाराज!" धाकलू अजून तिथंच होता. "टाइमात आणला. ह्या पहारेकऱ्यानी खोटा वाचला!"

ओमकारनं घाबरून विंगेकडं पाहिलं. मास्तरांनी गळ्यावरून बोट फिरवलं. त्यांना म्हणायचं होतं, 'आटप आता.' ओमकारनं तलवार उपसली.

धाऊनं ती येताना पाहिली आणि छाती पुढं केली. वार झाल्यावर तो दोनदा गरगरला, खांबाला धडकला, पडला, पुन्हा उठला. "मला... फितवलं..." म्हणाला, पाणी मागितलं. मरायला त्याला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ राजा तलवार धरून ताटकळला आणि मग घाईघाईनं मेला.

"पहारेकऱ्याचा विश्वासघात पहिल्या अंकापासून त्याच्या मौनात दिसत होता," परीक्षक निकाल सांगताना म्हणाले. मंडळाची जिल्ह्यासाठी निवड झाली. अभिनयाचं बक्षीस धाऊला मिळालं.

"त्या मौनावर तीन महिने मेहनत घेतली," मास्तरांनी नम्रपणे सांगितलं.

परतताना जीपमध्ये धाऊ बक्षीस मांडीवर घेऊन बायकोशेजारी बसला. सरळगाव गेल्यावर त्यानं ते गिरजापुढं धरलं.

"निवड झाली गो आपली," तो म्हणाला.

"त्या पोरीला मारलात ना पण."

"अगो, ती नाटकात मरतेच!"

"धाकलूभावजींनी वाचवली होती. सगल्या बायकांनी बघितला."

"मी तो कागद तसा वाचला नसता, तर नाटक बंद पडला असता."

"पडू द्यायचा," गिरजा म्हणाली, आणि उठून नम्रताच्या शेजारी जाऊन बसली.