थेल्माचे पांढरे निशाण

चार बाय तीन फुटांचे पांढरे फ्लॅनेल एक, त्याला बांधलेली काठी एक, ओढायची दोरी एक, चिमटे दोन, झाकणाच्या बाटल्या सहा. पँटचे पाय मोज्यांत खोचलेली थेल्मा एक आणि गळ्यात औषधी पट्टा असलेला चावडर नावाचा कुत्रा एक. जूनमधल्या एका शनिवारी सकाळी एवढा फौजफाटा दगडी कुंपण ओलांडून शेजारच्या कुरणात उतरला.

कुरण एव्हरेटचे. तिथे गवतातच, जमिनीवर बोबोलिंक पक्ष्यांची घरटी, म्हणून जुलै संपेपर्यंत तो गवताला हात लावत नसे. थेल्माच्या मते त्याच गवतातल्या गोचिडीने चावडरला लाइम नावाचा सांधे धरणारा आजार दिला होता. बिचारा महिनाभर लंगडत होता आणि चीजमध्ये दडवलेल्या गोळ्या थुंकत होता. तेव्हापासून दोघा शेजाऱ्यांत अबोला. मंगळवारच्या गावसभेत थेल्मा गवत कापायचा ठराव मांडणार होती आणि ठरावाला आकडा हवा होता. गवतावरून फ्लॅनेल ओढायचे, जनावर समजून गोचिडी त्याला चिकटतात, मग मोजायच्या. शनिवारी सकाळी एव्हरेट कचरा टाकायला डेपोवर जातो आणि तिथेच गप्पा छाटत बसतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होते.

आज नेमकी त्याची गाडी सुरू झाली नव्हती.

"थेल्मा!" ओसरीवरून आरोळी आली. "आलीस ना शेवटी शरण! पांढरं निशाण घेऊन!"

"निशाण कसलं, येड्या! तिथंच थांब! हाफपँटवर गवतात शिरू नकोस!"

"जाऊ दे गं, झालं गेलं विसरू!" म्हणत एव्हरेट हात पसरून गवत तुडवत आलाच. त्याने ते फ्लॅनेल उचलले आणि डोळे पुसले. मग मानही पुसली.

"माझा आकडा!" थेल्मा किंचाळली. "सगळा आकडा मानेला पुसलास तू!"

त्याला कुंपणावर बसवून तिने मान, कान, गुडघ्यामागची खाच तपासली. एक गोचीड चिमट्यात धरून सरळ वर ओढली आणि बाटलीत टाकली. तेवढ्या वेळात एव्हरेटच्या डोक्यात प्रकाश पडला.

"म्हणजे माझ्याच रानात माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतेस?"

"हो."

"मग कर की! पण तुझ्या बाजूलाही ओढ हे फडकं."

"माझ्या? दर गुरुवारी हिरवळ कापते मी."

"आणि कुंपणाला सावलीत पाचोळ्याचे ढीग कोण लावतं? माझे पक्षी? घाबरलीस वाटतं, बाई!"

थेल्माने तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले होते. तुलनेसाठी दुसरा नमुना घेऊ नका, असे तिला म्हणता येईना.

फ्लॅनेल झटकून, निरखून, नव्याने सुरुवात झाली. आधी कुरण, मग कुंपणाची तिची बाजू. दोरी थेल्माने ओढली, पावले एव्हरेटने मोजली आणि मोजताना दोघे दोनदा भांडले. चावडर तिथेच सावलीत पाचोळ्यावर झोपला होता. त्याला तिथून हाकलावे लागले.

शेवटी थेल्माने वही उघडली, पेन्सिलीचे टोक ओले केले आणि लिहिले:

एव्हरेटचे कुरण, वीस मीटर: तीन.

थेल्माचे अंगण, पाचोळ्याची कड, वीस मीटर: एकोणीस.