बदाम राखला त्या भिंतीची कैफियत

कचेरीतील समस्त लहानथोरांस, आणि ज्यांच्या पाठीशी भिंत आहे अशा सर्वांस जाहीर व्हावे, की परसातल्या टेकाडाने चढाई केली तेव्हा जी लढाई जाहली, तिची हकीकत पदरचा मीठमसाला फारसा न घालता येथे लिहिली आहे.

टेकाड जातीचे दगाबाज. पावसाची कुमक मिळताच फौजेनिशी उतरले आणि सायकलींचा मांडव गारद केला. मग राजमान्य थोरले साहेब, ज्यांच्या खुर्चीस पाच चाके असोन ती परसापर्यंत कधी आली नाही, त्यांनी सकाळीच फर्मान सोडले, की दगडी भिंत उभारावी, पायथा तीन मीटर ठेवावा, हिशेब कशाला, जाड ती मजबूत. आणि त्या तीन मीटरांत बदामाचे झाड येत होते. ते आरेखक काकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी लावले, आणि कचेरीतले तमाम डबे, रुसवे व सोयरिकी त्याच्याच सावलीत उलगडल्या.  दुपारी काकांनी डबा उघडला नाही. कचेरीत हाहाकार जाहला.

तेव्हा धाकट्या इंजिनिअरबाई, वयाने लहान परंतु हट्टाने थोर, यांनी विडा उचलला, की दोन मीटरांत भिंत बसवीन आणि झाड राखीन. साहेबांचा हुकूम आला, की झाडतोडे संध्याकाळी येतात, तोवर हिशेब दाखवावा, ना तर कुऱ्हाड.

भिंतीचा कारभार माणसासारखाच. वजन तिला सरळ खाली दाबते, आणि मागून माती रेटते, तेणेकरोन ती पुढे कलते, मग चवड्यावर भार वाढतो आणि टाचेवरचा घटतो. दोहोंचा मेळ घालून टाचेवर दाब उरला तर फत्ते. उणे आले तर टाच उचलली, सांधे उघडले, राज्य बुडाले. कारण दगडी भिंत दाब डोंगराएवढा सोसते, ओढ मात्र सूतभर सोसत नाही.

बाईंनी घसरणे आणि उलथणे हे दोन गड आधीच सर केले, आणि मग टाचेवर मोर्चा लावला. उत्तर आले उणे पंचावन्न. पुन्हा मांडले, पुन्हा तेच. साहेब डोकावले. "झालं समाधान? अहो बाई, भिंत आहे ती, सुरी नव्हे!" आणि झाडतोड्यांस फोन गेला.

मग काका खडू घेऊन उठले. "चल पोरी. हरायचंच आहे तर खऱ्या मापात बघून हरू."

परसात झाडाखाली दोन मीटरांचा पायथा आखला, आणि वजन व रेटा एकत्र होऊन जो बाण निघतो, तो पुढच्या कडेपासून सत्तर सेंटिमीटरांवर टेकला. बाईंनी पायथ्याचे तीन हिस्से केले. बाण मधल्या हिश्श्यात पडला तर टाच उचलत नाही, हे शास्त्राचे वचन. आणि बाण दोन बोटे का होईना, आत होता.

"काका, बाण आत आणि हिशेब उणे! दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. मी मोजलं कुठून?"

"कुठून म्हणजे? पुढच्या कडेपासून. साहेबांचा नियमच आहे तसा. मी तर लेकीच्या लग्नाचा मांडवसुद्धा पुढच्या कडेपासून मोजला."

"अगं बाई! आणि सूत्राला हवंय मधोमधून!"

मधून मोजता अंतर तीसच भरले, आणि आकडेफौज क्षणात फिरली. चवड्यावर पंचाण्णव, टाचेवर पाच. खालची जमीन दीडशे सोसणारी, सबब चवड्याची फिकीर नाही.

साहेब खुर्ची सोडून खासे परसात आले, खडूच्या रेघेवर उभे राहिले आणि म्हणाले, "पाचच?"

"उणे नाही ना, साहेब? पुरे."

 मग फर्मान जाहले, की मापे पुढच्या कडेपासूनच घ्यावीत, ती रीत मोडू नये, परंतु हिशेबापूर्वी मध्य विचारावा. आणि भिंत दोन मीटरांची मंजूर. इतक्यात झाडतोडे कुऱ्हाडींसह दाखल जाहले. त्यांस सावलीत बसवून चहा पाजला, आणि काकांनी दुपारचा डबा उघडून आधी त्यांच्यापुढे केला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते. भिंत उभी आहे, टेकाड आपल्या जागी आहे. टाचेवर शिल्लक पाच, आणि झाडाखाली जागा शिल्लक सर्वांस पुरेल इतकी. ही गोष्ट दफ्तरी नोंदली असे.